नागडी पोरं आणि आपले वाद

मुंबईच्या सीमाशुल्क खात्याने २०२३ मध्ये चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि अकबर पदमसी यांची सात चित्रं अश्लील म्हणून अडवली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सोडायला लावली. त्यावर घरच्यांशी फोनवर बोललं की दोनच सूर ऐकू येतात: 'आपली संस्कृती' किंवा 'तुमच्या अमेरिकेत बघा, किती मोकळेपणा!' दुसरा सूर मला जास्त खटकतो, कारण तो खरा नाही.

वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीच्या संग्रहात अमेरिकन चित्रकार जॉर्ज बेलोजचं १९०७ सालचं 'फॉर्टी-टू किड्स' (बेचाळीस पोरं) हे तैलचित्र आहे. न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरवरचा मोडकळलेला लाकडी धक्का आणि त्यावर पोहायला जमलेली गरीब वस्तीतली पोरं, बहुतेक नागडी. एकाने सूर मारलाय, कुणी सिगारेट ओढतंय, एक जण तर नदीतच लघवी करत असावा. १९०८ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात हे चित्र मोठ्या बक्षिसाच्या अगदी जवळ आलं होतं. पण बक्षिसाचा देणगीदार दुखावेल या भीतीने परीक्षकांनी ते नाकारलं. कुणी दुखावलेलं नव्हतंच, नुसती भीती. आपल्याकडेही बहुतेक चित्रं अशीच उतरवली जातात.

परीक्षक नागडेपणाला घाबरले का, असं विचारल्यावर बेलोज म्हणाला की त्यांना भीती वाटली ती नागड्या रंगकामाची. मला हे पूर्ण पटतं. जवळ गेलं की पोरांची अंगं म्हणजे नुसते मातकट, पिवळसर फटकारे दिसतात. चार पावलं मागे आलं की त्यांतूनच खांदा, पाठीचा कणा, थंडीने आखडलेलं अंग उभं राहतं. मागे काळंभोर पाणी. रमणीय असं काहीच नाही, तरी सुट्टीचा सगळा उधाणपणा आहे. त्या काळच्या चित्रांत फुरसत म्हणजे छत्र्या, हिरवळ, बागेतल्या बायका. याने ज्यांना बाग परवडत नाही त्यांची फुरसत रंगवली. काही चेहरे अर्कचित्राकडे झुकलेत, तिथे तो घसरलाय. बाकी चित्र अव्वल आहे.

१९०९ मध्ये ते तीनशे डॉलरला विकलं गेलं. आज नॅशनल गॅलरीत प्रवेशाला तिकीट नाही, कुणीही आत जाऊन मत बनवावं. सूझाच्या रेषेबद्दल आपल्या वादात एक वाक्य मला ऐकायला मिळालं नाही, कारण बोलणाऱ्यांपैकी कुणी ती चित्रं पाहिलेलीच नाहीत. ज्यांच्या मालकीची ती आहेत त्यांनी आठवडाभर तरी ती मुंबईत जाहीर लावावीत. मग भांडायचं ते चित्रासमोर उभं राहून भांडू.