रेड टॉवरच्या लेखावरच्या त्या प्रतिक्रियेला उत्तर

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माल्टातल्या रेड टॉवर या जुन्या बुरुजावर मी जे लिहिलं त्यावर एका वाचकाचं म्हणणं असं: "आत नुसत्या रिकाम्या खोल्या, अर्ध्या तासात उरकतं, बाईंनी उगाच पाल्हाळ लावलंय. नाइट्स स्वतःच चाचे होते हे सोयीस्कर गाळलंय. तिकीट, बस काहीच माहिती नाही." (नाइट्स म्हणजे तेव्हा माल्टावर राज्य करणारी ख्रिस्ती योद्ध्यांची संघटना, सेंट जॉनची ऑर्डर.)

तिकीट आणि बसचं मान्य, लिहायला हवं होतं. झालं?

आता "बाईंनी". अहो, लेखावर नाव आहे की माझं, ते घ्यायला काय हरकत होती? लेख आवडला नाही हे मी समजू शकते, पण हा जो वरून बोलण्याचा सूर आहे ना, तो लेख लिहिणारा पुरुष असता तर लागला असता का, एवढंच स्वतःला विचारा.

आणि "रिकाम्या खोल्या". मी बुरुजाजवळच्या मेलिहा गावात राहते, इथल्या वृद्धाश्रमात नर्स आहे, नाइट शिफ्ट संपली की झोप लागत नाही म्हणून त्या चढावर कितीदा गेलेय त्याचा हिशोब नाही. त्यामुळे तुमचा अर्धा तास मला नका सांगू. तो टेहळणीचा बुरुज आहे हो, राजवाडा नाही! झुंबरं आणि पलंग शोधायला गेलात तर रिकामाच दिसणार. १६४७ ते १६४९ मध्ये ग्रँड मास्टर, म्हणजे नाइट्सचा प्रमुख, लास्कारिसने तो बांधला, तेव्हा आत ३० माणसं आणि ४० दिवसांचा वेढा निघेल इतका दाणागोटा, दारूगोळा ठेवायची सोय होती. खाली बघितलंत का? मूळ फरशी इतकी झिजलीये की वर लाकूड टाकलंय आणि मध्येमध्ये काच बसवलीये, त्या काचेतून खालचे दगड दिसतात. मी तिथे वाकून बघत बसते, लोक माझ्या अंगावरून पुढे जातात. तुम्हीही गेला असणार.

मुळात बघायचं ते गच्चीवरून. एका बाजूला मेलिहाचा उपसागर, दुसरीकडे सामुद्रधुनी, तिच्यापलीकडे कोमिनो बेट आणि मागे गोझो बेट. कोमिनोवरचा १६१८ चा बुरुजही इथून दिसतो आणि सगळी गंमत तिथेच आहे, कारण एकटा बुरुज काही कामाचा नाही, एकाने दुसऱ्याला बघायचं, दिवसा धूर आणि रात्री जाळ करून खबर पुढे ढकलायची. लास्कारिसनंतर ग्रँड मास्टर झालेल्या दे रेदिनने १६५८-५९ मध्ये किनाऱ्यावर आणखी १३ बुरुज उभे केले, तेही शेजारचा बुरुज दिसेल अशा बेताने, आणि तिथे माणसं किती, तर चार, एक तोफखान्याचा मुख्य आणि तीन तोफा डागणारे. त्या चौघांचं काम म्हणजे रोज समुद्राकडे बघत बसणं. तुमच्या भाषेत पाल्हाळच म्हणायचं ते. पण १५५१ मध्ये गोझोवर हल्ला झाला तेव्हा बेटावरची जवळजवळ सगळी माणसं, सुमारे ५,०००, गुलाम करून नेली, हे डोक्यात ठेवून त्या गच्चीवर उभं राहा आणि मग सांगा अर्धा तास पुरतो का ते.

नाइट्स चाचेगिरी करायचे, हो करायचे. वॅलेटात गुलामांचा तुरुंगही होता, माहितीये मला. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, एका बुरुजाच्या भेटीत अख्ख्या ऑर्डरचा पंचनामा करायचा नसतो.

बाकी "भाषा पुस्तकी", "फोटो वाकडे" वगैरेवर बोलण्यात अर्थ नाही. गच्चीवर वारा असा असतो की मोबाइल दोन्ही हातांनी धरावा लागतो, तुम्ही सरळ काढून दाखवा.

आणि हो, तो बुरुज १९९९ ते २००१ मध्ये दुरुस्त झाला आणि आजही दीन लार्त हेलवा या संस्थेचे स्वयंसेवक तो सांभाळतात. तिकिटाचे पैसे त्यांनाच जातात, तेव्हा ते वाया गेले असं तरी लिहू नका. बस हवी होती ना? मेलिहाहून चिरकेव्वाच्या फेरीबोटीच्या धक्क्याकडे जाणारी पकडा, आदिराचा किनारा मागे टाकून उतरा आणि वर चढा. उन्हाळ्यात पाणी घेऊन जा. पुढची प्रतिक्रिया जरूर द्या, फक्त नाव घेऊन.