ऑब्जेक्टिव्हली बघा म्हणे!

ज्या माणसाला गल्लीत स्वतःची स्कूटर सरळ लावता येत नाही, त्याने लिव्हरपूलच्या पार्किंगवर तोंड उघडू नये. असा कायदा कुणीतरी करा. कर्नाटकाने करा, महाराष्ट्राने करा, या एका कलमापुरता मी सीमाप्रश्न बाजूला ठेवायला तयार आहे.

परवा बेळगावच्या वडगावात बारसं होतं. पंगतीत माझ्या शेजारी मेव्हणा, कारण नशीब. मेव्हणा लिव्हरपूल फुटबॉल क्लबवाला, मी त्याच शहरातल्या एव्हर्टन क्लबवाला, आणि आमचं नवं स्टेडियम जुन्या गोदीत झालेलं. विषय मी काढला नव्हता. मी मुकाट्याने भज्यांची वाट बघत बसलो होतो. तर हा म्हणतो, ‘दाजी, तुमच्या स्टेडियमचा प्लॅनच मुळात गंडलाय. ऑब्जेक्टिव्हली बघा.’ या ऑब्जेक्टिव्हलीचा मला मनस्वी तिटकारा आहे. ज्याला चारचौघांत समोरच्याची लाज काढायची असते, तो आधी ऑब्जेक्टिव्हली म्हणतो आणि मग सुरू होतो.

गडी चक्क केळीच्या पानावर प्लॅन काढायला बसला. हुग्गीचा, म्हणजे गव्हाच्या खिरीचा ओघळ ही मर्सी नदी. काठाकाठाने मसालेभात ओढला, त्या गोद्या. एक कांदाभजं उचलून हुग्गीला टेकवलं, हे ब्रॅमली-मूर डॉक, हे तुमचं स्टेडियम. लोणच्याची फोड पार पानाच्या टोकाला, हे सँडहिल्स स्टेशन. ‘आता सांगा, मॅच सुटल्यावर पन्नास हजार माणूस एवढं चालत जाणार?’ अरे, तू कोपऱ्यावर दूध आणायला गाडी काढतोस! दोन्हीकडचे नातेवाईक माना वळवून पानात बघायला लागले. समोरचे मामा, ज्यांचा फुटबॉलशी संबंध म्हणजे कधीकाळी पोरांनी फोडलेली खिडकीची काच, ते चष्मा पुसून वाकले. म्हणाले, ‘खर्च किती गेला रे?’ मेव्हण्याने साडेसातशे मिलियन पौंड सांगितले आणि लगेच रुपयांत करून दिले, आठ हजार कोटींच्या वर. मामांनी सुस्कारा टाकला. ‘एवढ्यात बेळगावातले सगळे रस्ते झाले असते की ओ.’ यावर सगळी पंगत माझ्याकडे बघते! जसा काय ठेका मीच घेतला होता आणि गोगट्यांच्या चौकातलं डांबर नेऊन लिव्हरपुलात ओतलं होतं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात ह्याने स्टेडियम उचललं, मर्सीत बुडवलं आणि खाऊन टाकलं. पुरावाच नष्ट.

मग वाऱ्याचा मुद्दा. नदीवरचं वारं येतं म्हणे, चेंडू भरकटेल. आषाढात उलट्या झालेल्या छत्रीनिशी रेल्वेगेटला उभं राहणाऱ्या माणसाने वाऱ्याची तक्रार करावी? आमची पोरं मुसळधार पावसात घोट्याएवढ्या चिखलात खेळतात, चेंडू कुठे गेला ते वास घेऊन शोधतात. आणि ब्रिटनचा लाखोंनी पगार घेणारा गडी, त्याला वारं लागेल!

मग युनेस्को. हे तर तो बायकोच्या वाढदिवसालाही काढतो. ‘तुमच्या स्टेडियममुळे आमच्या शहराचा जागतिक वारशाचा दर्जा गेला.’ 2021 ला गेला, मान्य. स्टेडियमचं नाव कारणांत घेतलं, तेही मान्य. पण ते शहर 2012 पासूनच धोक्याच्या यादीत होतं, सगळ्या किनाऱ्याच्या बांधकामांमुळे, हे कोण सांगणार? आणि त्या गोदीत काय चाललं होतं आधी? 1848 ची गोदी, नुसतं काळं पाणी साचून पडलेलं. तिच्यात समुद्रातून उपसून आणलेली जवळपास 5 लाख घनमीटर वाळू भरली, जुन्या दगडी भिंती तशाच ठेवल्या, पडायला आलेला हायड्रॉलिक टॉवर डागडुजी करून उभा केला. आमच्याकडे बळ्ळारी नाल्याचं पाणी दरवर्षी उभ्या भातात शिरतं, तेव्हा कुठला युनेस्कोवाला येत नाही. आणि ‘आमच्या शहराचा’ म्हणजे? तुझं शहर बेळगाव. तुझी गल्ली वडगाव. तुझा पत्ता मला माहीत आहे.

जागेबद्दल तर लिव्हरपूलवाल्याने बोलूच नये. अ‍ॅनफील्डवर आधी कोण खेळत होतं? एव्हर्टन. 1884 पासून. 1892 ला भाड्यावरून मालकाशी फाटलं, आम्ही बाहेर पडलो, आणि रिकाम्या मैदानात काय करायचं म्हणून मालकाने नवीन क्लब काढला. तोच तुमचा. म्हणजे जन्मच आमच्या रिकाम्या खोलीत झालेला, आणि हा मला प्लॅन शिकवतो! 1956 पासून जागेचा वाद ऐकत आलेल्या आणि 2004 पासून सुप्रीम कोर्टाच्या तारखा मोजणाऱ्या गावात बसून!

नवी जागा म्हणजे पण काय कमी खेटे घातलेत आम्ही? किंग्ज डॉकचा प्लॅन 2003 ला पैशावाचून बुडाला. मग कर्बीला सुपरमार्केटशेजारी जायचं ठरलं, ते 2009 ला सरकारनेच फेटाळलं. मग ही गोदी. त्यात रशियन पैसा युक्रेनच्या युद्धात आटला, खर्चाचे नियम मोडले म्हणून 2023-24 च्या मोसमात आधी 10 गुण कापले, मग 6 वर आणले, मग पुन्हा 2 घेतले. आणि एवढं होऊन नाव कुणाचं लागलं? वकिलांच्या फर्मचं! हिल डिकिन्सन स्टेडियम. कोर्टकचेरी काही कपाळाची सुटत नाही, ना इथे ना तिथे.

मेव्हण्याचं जाऊ दे, तो शत्रूच आहे. आमची स्वतःची माणसं काय कमी आहेत? बेळगावात एव्हर्टनवाले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यात पुन्हा दोन गट. माणसं मूठभर आणि गट दोन, सीमाभागातल्या मराठी माणसाला यात नवीन ते काय. शहापूरचा आमचा एकजण अजून गुडिसनचं, म्हणजे आमच्या जुन्या मैदानाचं सुतक धरून बसलाय. ‘133 वर्षांचं घर सोडलं, कोपऱ्यातलं चर्च सोडलं, आपल्या डिक्सी डीनने एका मोसमातला 60 वा लीग गोल मारलेलं मैदान सोडलं.’ बाबा रे, ते खांब आठव. पैसे मोजून तिकीट काढायचं आणि मॅचभर लोखंडी खांबाचं दर्शन घ्यायचं. आणि पाडलं कुठे? बायकांचा संघ खेळतोय की तिथे. तर म्हणतो, ‘तसं न्हवं, आत्मा गेला.’ 18 मे 2025 ला, पुरुषांच्या संघाच्या तिथल्या शेवटच्या मॅचला, साउदॅम्प्टनला 2-0 हरवल्यावर हा असा रडला की शेजाऱ्यांना वाटलं म्हातारी गेली. हाच गडी स्वतःचा वाडा बिल्डरला देऊन वर फ्लॅटमध्ये राहायला गेलाय, तिथे काही आत्मा आडवा आला नाही.

आणि तो तिसरा, क्लब बदलत फिरणारा, आधी युनायटेड, मग सिटी, आता आर्सेनल, तो पण प्लॅनवर बोलतो! कुठल्या तोंडाने?

खरं डोकं कशाने फिरतं सांगू? आम्ही ज्या मैदानावर खेळायला शिकलो तिथे आता बारा महिने काहीतरी लागलेलं असतं. सेल, सर्कस, फटाक्यांचे स्टॉल, नेत्याची सभा. मांडव निघाला की खिळे मागे राहतात. पोरांनी पायातून खिळे काढायचे आणि मग तासाचे पैसे मोजून टर्फवर जायचं. त्याचा प्लॅन कुणाच्या पानावर निघत नाही. तेव्हा ऑब्जेक्टिव्हली कुणाला काही दिसत नाही.

आता एवढं बोलतोय तर हेही सांगतो. माझा पासपोर्टसुद्धा नाही. तरी रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर त्या साउथ स्टँडच्या खुर्च्या बघत बसतो, वरच्या रांगेतून गोल नीट दिसेल की मधल्या. 13 हजारांचा एकसंध उभा स्टँड, एकदम अंगावर येणारा. मी माझी खुर्ची ठरवूनही टाकली आहे, जिन्याकडची, म्हणजे हाफटाइमला चहाला लवकर जाता येईल. आमच्या न्हाणीवरचा पत्रा कधीपासून गळतोय, त्याचं माप घेऊन या म्हणून घरातून सांगून सांगून थकले. मला त्या पत्र्याची लांबी माहीत नाही. ब्रॅमली-मूरच्या छताची रचना तोंडपाठ आहे.

असो. मूळ मुद्दा राहिलाच. पंगतीत मला जे सुचायला हवं होतं ते रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं, माझं नेहमीचंच. 2028 चा युरो, युरोपातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये आहे. लिव्हरपूल शहरातले सामने कुठे? अ‍ॅनफील्डवर? नाही! आमच्याकडे, त्या भज्यात! तडक उठलो, मेव्हण्याला मेसेज टाकला, तीन परिच्छेद, शेवटी ‘ऑब्जेक्टिव्हली बघ’ असं ठळक करून. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. ‘टायपिंग’ दिसत राहिलं, थांबलं, पुन्हा दिसलं. मी श्वास रोखून बसलेलो.

उत्तर आलं: ‘दाजी, हुग्गी उरली आहे, डबा पाठवू?’

पाठव म्हटलं. भजी पण.