तळमजल्याचे काका आणि लिफ्टचं कोटेशन

सोसायटीची वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, म्हणून आमच्याकडे ती सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी होते, कारण भांडण जितकं पुढे ढकलता येईल तितकं बरं. नोटीस 14 दिवस आधी लागते. वेळ सकाळी दहा. दहाला हजर कोण, तर सेक्रेटरी, वॉचमन आणि एक मांजर. कोरमला 20 माणसं हवीत, ती नसतात, मग सभा अर्धा तास तहकूब आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही हे सगळ्यांना तोंडपाठ, त्यामुळे मंडळी बरोब्बर साडेदहाला आंघोळ-पोहे उरकून भांडायच्या तयारीनिशी खाली उतरतात.

यंदा विषय होता लिफ्टची दुरुस्ती. तळमजल्याचे काका उठले, "मी लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही, मी का पैसे भरू?"

आता आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांच्या पुस्तकात, स्वच्छ लिहिलंय की लिफ्टचा खर्च सगळ्या सभासदांना सारखा, वापरा नाहीतर नका वापरू. सेक्रेटरींनी ते पुस्तक उघडून मोठ्याने वाचून दाखवलं आणि तिथेच घात झाला. आपल्याकडे नियम ऐकून माणूस गप्प बसत नाही, पेटतो. काका लिफ्टवरून पार्किंगवर गेले, तिथून तिसऱ्या मजल्याच्या कुंड्यांमधून गळणाऱ्या पाण्यावर, मग तिसऱ्या मजल्याच्या वहिनी उठल्या आणि गणपतीच्या वर्गणीचा जुना हिशोब निघाला. "मला जरा बोलू द्याल का?" असं जो ओरडत होता तोच मघापासून एकटा बोलत होता.

माझं मत विचाराल तर भांडणाऱ्याला उत्तर देऊच नये, काम द्यावं. मी म्हटलं, "काका, तुम्ही रिटायर्ड इंजिनीअर, लिफ्टवाला आपल्याला गंडवतोय का हे तुमच्याशिवाय कळणार कोणाला? तुम्हीच तीन कोटेशन आणा, वहिनी हिशोब बघतील."

"मी?" काका खालीच बसले.

त्यानंतर काकांनी त्या लिफ्टवाल्याचा जो पिच्छा पुरवला! मशीन रूम गच्चीवर, पाच मजले चढणार कोण, लिफ्टनेच वरखाली. लिफ्ट ज्यावर लटकते त्या रोपच्या तुटून बाहेर आलेल्या तारांचे फोटो त्यांनी मोबाईलवर झूम करकरून दूधवाल्यालासुद्धा दाखवले. वहिनींनी कोटेशनात दोनदा लावलेली मजुरी पकडली, आणि दोघं जिन्यात उभं राहून चक्क हसत बोलताना दिसायला लागले.

विशेष सभेत काकाच बोलायला उभे. "रोप बदलायलाच हवा आणि पैसे सगळ्यांनी सारखे द्यायचे!" तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे एक जण उठले, "आम्ही तर जिन्यानेच जातो..." काकांनी पिशवीतून उपविधीचं पुस्तक काढलं. मी घाईघाईने मध्ये पडलो, "साहेब, पाण्याच्या टाकीचं वॉटरप्रूफिंग राहिलंय, त्याची कोटेशनं तुम्ही बघाल का?"

त्यांनी एकदा काकांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "नको," म्हणाले, "लिफ्टचा चेक कोणाच्या नावाने काढू?"