काटा अर्ध्यावर, टाकी कोरडी आणि वर ऐकायचं 'चालायचंच'

"ताई, जुनी गाडी आहे. काट्यावर कशाला जाता? अंदाजाने भरत जा."

हे वाक्य इतक्या गॅरेजांत ऐकलंय की आता ऐकलं तरी डोक्यात तिडीक जाते. अंदाजाने म्हणजे काय? ब्रेक नीट लागत नसेल तर कुणी 'अंदाजाने लावा' असं सांगतं का? हेडलाइट गेला असेल तर 'अंदाजाने चालवा' म्हणतं का? मग पेट्रोलच्या काट्यालाच हा न्याय का? टाकी बंद पत्र्याची असते, आत डोकावता येत नाही, म्हणून तर तो काटा दिलाय. तो चुकीचं दाखवत असेल तर तो बिघाड आहे, आणि बिघाड काढून देणं हाच तुमचा धंदा आहे. त्याचेच पैसे घेता ना?

गाडी २००९ची, पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक. इंजिन उत्तम, पत्रा कुठे सडलेला नाही. १५ वर्षं झाल्यावर आरटीओत फेरनोंदणी केली, पर्यावरण कर भरला, पीयूसी वेळच्या वेळी काढते, नवी एचएसआरपी नंबरपाटीसुद्धा लावून झाली. त्यामुळे 'विकून टाका, नवी घ्या' हा सल्ला मला कुणीही देऊ नये. एका काट्यासाठी चालती गाडी विकायची आणि हप्ते फेडत बसायचं, हे सांगताना यांना काहीच कसं वाटत नाही?

गेल्या वर्षी टाकीतला पेट्रोल पंप गेला. घराजवळच्या गॅरेजात नवा बसवून घेतला. त्या दिवसापासून हे सुरू झालं. टाकी फुल केली की काटा व्यवस्थित खाली येतो, अर्ध्यापर्यंत येतो आणि तिथेच बसतो. मग कितीही चालवा, अर्धा. गाडी बंद पडेपर्यंत अर्धा. तेव्हाच जाऊन सांगितलं की पंप बसवल्यापासून असं होतंय. उत्तर काय? "पंपाचा आणि काट्याचा काही संबंध नाही." माझ्या गाडीत पंप आणि फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी काट्याला कळवणारा तरंगता भाग, एकाच युनिटवर असतात! ज्या माणसाने स्वतःच्या हाताने ते युनिट काढून परत बसवलं, तो मला सांगतो संबंध नाही.

याचा परिणाम काय झाला ते सांगते. वडिलांना घेऊन साताऱ्याला निघाले होते. खंबाटकीचा घाट चढताना गाडीने दोन-तीन आचके दिले आणि थांबली. काटा अर्ध्यावर. डावीकडे कडेला पुरेशी जागा नाही, मागे मालाने भरलेले ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढतायत, हॉर्नवर हॉर्न. वडील सत्तरी ओलांडलेले, त्यांना गाडीतून उतरवून कठड्यापलीकडे उभं केलं आणि मी मागे त्रिकोण लावायला धावले. एक गृहस्थ थांबले. मदतीलाच थांबले, त्याबद्दल आभार. पण पहिलं वाक्य काय? "ताई, पेट्रोल बघून निघायचं ना." बघूनच निघाले होते हो! अर्धी टाकी दिसत होती! हे मी त्यांना किती वेळा सांगितलं, चेहऱ्यावर विश्वास काही दिसला नाही. हा अपमान ज्यांच्यामुळे झाला ते आपापल्या गॅरेजात निवांत बसले होते.

आणि 'चालायचंच' म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं, टाकीतला पंप भोवतालच्या पेट्रोलनेच गार राहतो. टाकी वारंवार कोरडी पडली की पंप तापतो, लवकर मरतो. म्हणजे चुकीच्या काट्यामुळे मी पैसे मोजून बसवलेला नवा पंपही खराब होत होता.

मग सुरू झाली वारी. अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या पोराने गाडी सुरू केली, काट्याकडे पाहिलं, बंद केली आणि टॅबवर एस्टिमेट काढलं. "मॅडम, फ्युएल पंप असेंब्ली पूर्ण बदलावी लागेल." बारा हजारांच्या वर. मी म्हटलं, मागची सीट तरी उचलून बघा. म्हणे, "आमच्याकडे पार्ट रिपेअर होत नाही, रिप्लेसच होतो." नुकताच बदललेला, ठणठणीत चालणारा पंप फेकून द्यायचा, कारण त्याच्या अंगाला चिकटलेला फ्लोट नीट हलत नाही! आणि तपासणी शून्य. मल्टिमीटर नावाची, वायरिंग तपासायची चीज टेबलावर पडलेली होती, तिला हातसुद्धा लावला नाही.

दुसऱ्या ठिकाणी निदान झालं 'मीटर गेलं'. अख्खा क्लस्टर, म्हणजे डॅशबोर्डवरचा मीटरचा संच बदला, भंगारातला मिळवून देतो. अहो, क्लस्टर बदलला की किलोमीटरचा आकडाही त्या दुसऱ्या गाडीचा येणार! उद्या गाडी विकायला काढली तर लोक मलाच फसवी म्हणणार. हे विचारलं तर म्हणतो, "ते काय, सेट करून देतो." इतक्या सहज! माझ्याकडून लबाडी करून घ्यायला हा तयार, पण सीट उचलायला तयार नाही.

तिसऱ्याने तर कहर केला. "साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो." कोणते साहेब? गाडी माझ्या नावावर, चालवते मी, पैसे देणार मी.

आता यात समजावण्यासारखं असतं तरी काय ते सांगते, म्हणजे पुढच्या वेळी कुणी तुम्हाला गुंडाळायला लागलं तर उपयोगी पडेल. टाकीत एक तरंगता फ्लोट, त्याला तारेचा दांडा, दांड्याच्या दुसऱ्या टोकाला धातूची बारीक जीभ. ही जीभ एका रेझिस्टन्सच्या (विजेला रोध करणाऱ्या) पट्टीवरून सरकते. पेट्रोल कमी झालं की फ्लोट खाली जातो, जीभ सरकते, रेझिस्टन्स बदलतो, काटा खाली येतो. झालं. माझ्या गाडीत टाकी भरलेली असताना रेझिस्टन्स कमी आणि रिकामी होत जाईल तसा जास्त. म्हणून तपासणीही सोपी आहे. मागची सीट उचला, युनिटचा कनेक्टर काढा, चावी फिरवा. काटा तळाला गेला पाहिजे. मग फ्लोटची वायर क्षणभर गाडीच्या बॉडीला टेकवा, म्हणजे अर्थ करा. काटा फुलकडे चढला पाहिजे. दोन्ही झालं म्हणजे मीटर चांगलं, वायरिंग चांगलं, दोष टाकीत. नव्या, कॉम्प्युटरवाल्या क्लस्टरच्या गाड्यांत थेट अर्थ देत नाहीत, ठरावीक रेझिस्टन्स लावून बघतात. पण माझ्या गाडीला एवढंच पुरे होतं. दहा मिनिटांचं काम!

बरं, सीट उचलायचीही गरज नव्हती, नुसतं डोकं चालवायचं होतं. बॉडीशी असलेला अर्थिंगचा जोड गंजला असता तर रेझिस्टन्स वाढला असता आणि काट्याने असेल त्यापेक्षा कमी दाखवलं असतं. फ्लोटमध्ये पेट्रोल शिरून तो बुडला असता तरी कमीच दाखवलं असतं. माझा काटा जास्त दाखवतो, आणि प्रत्येक वेळी नेमका एकाच जागी अडतो. म्हणजे आत काहीतरी फ्लोटला अडवतंय. हे मी, एका बँकेत नोकरी करणारी बाई, घरी बसून ओळखू शकते आणि हातात पाना धरून आयुष्य काढलेली माणसं ओळखू शकत नाहीत? ओळखू शकतात. त्यात पैसे नाहीत, म्हणून ओळखायचं नसतं.

पुण्याच्या नाना पेठेत नुसता फ्लोट मिळतो का बघायला गेले, तर एका दुकानदाराने 'युनिव्हर्सल' युनिट पुढे सरकवलं. सगळ्या गाड्यांना बसतं म्हणे. अजिबात बसत नाही! अमेरिकन पद्धतीच्या एका प्रकारात रिकाम्या टाकीला रेझिस्टन्स २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३३, तर युरोपातल्या एका प्रचलित प्रकारात रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८०, म्हणजे चक्क उलटं. मीटरला जे युनिट जुळतं तेच लागतं, नाहीतर काटा आयुष्यभर चुकीचंच सांगणार. किती ओहमचं आहे विचारलं तर त्याला प्रश्नच कळला नाही. आणि असली युनिटं रोज विकली जातायत, लोकांच्या गाड्यांत बसतायत.

हल्ली आणखी एक पळवाट सापडलीय. "ई-२० पेट्रोलमुळे होतंय मॅडम, आमच्या हातात काही नाही." जुन्या गाड्यांच्या ॲव्हरेजवर आणि रबरी भागांवर त्या २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचा परिणाम होतो, त्याचा राग मलाही आहे. पेट्रोलमधल्या गंधकाने फ्लोटच्या पट्टीवरचे चांदीचे संपर्क काळे पडतात हेही खरं. २००४ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा भागात गंधकयुक्त पेट्रोल विकलं गेलं आणि कितीतरी गाड्यांचे काटे बिघडले. पण आपल्याकडे एप्रिल २०२० पासून बीएस-६ या प्रदूषण मानकाचं इंधन आहे, त्यात गंधकाची मर्यादा दर दशलक्ष भागांना १० भाग, आधीच्या बीएस-४च्या ५० वरून खाली आलेली. आणि पंप बसवला त्याच संध्याकाळपासून काटा अडायला लागला, त्यात इथेनॉलचा काय दोष? न तपासताच खापर फोडायला काहीतरी हवं, एवढंच.

या सगळ्यात सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? काटा अडलेला म्हणजे पेट्रोल पंपावर मी आंधळी. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी राज्यभर छापे घालून पंपांच्या मशीनमध्ये चिप बसवून माप मारणारे पकडले होते, आठवत असेल. दहा लिटरचे पैसे दिले आणि काटा हलला नाही, तर ग्राहकाला निदान शंका तरी येते. मला तीही सोय उरली नव्हती. शेवटी वडिलांनी एका पंपावर ५ लिटरचं शिक्क्याचं माप मागितलं. ते मागणं आपला हक्क आहे, पंपवाल्याला दाखवावंच लागतं. तिथलं माप बरोबर निघालं. पण दर वेळी रांग अडवून मापच मागत बसू का मी?

अखेर एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले. त्यांनी एक शब्द न बोलता आधी बॅटरीची तार काढली. मग मागची सीट उचलली, झाकणाभोवतीची माती ब्रशने झाडली, एकेक स्क्रू डबीत ठेवला आणि मला बोलावून दाखवलं. युनिटच्या कडेवर एक बाण कोरलेला असतो, तो टाकीवरच्या खुणेसमोर यावा लागतो. माझ्या गाडीत तो बोटभर सरकलेला होता. युनिट तिरकं बसवल्यामुळे फ्लोटचा दांडा, पेट्रोल हिंदकळू नये म्हणून टाकीत जो आडवा पत्रा असतो, त्याला जाऊन टेकत होता. दांड्याच्या एका बाजूला घासून चकचकीत झालेली रेघ स्पष्ट दिसत होती. त्यांनी मल्टिमीटर लावून फ्लोट हाताने वरखाली केला, आकडा कुठेही उडी न मारता सरळ चढला आणि उतरला. पट्टी शाबूत, पंप शाबूत, मीटर शाबूत. नवं गॅस्केट (गळती रोखणारं सील) टाकलं, बाण खुणेला लावला, स्क्रू आवळले. तीनशे रुपये, गॅस्केटसकट.

म्हणजे बारा हजारांची असेंब्ली नको होती, भंगारातलं मीटर नको होतं, युनिव्हर्सल युनिटही नको होतं. एका माणसाने एक बाण एका खुणेला लावायचा होता, तो लावला नाही. बाकीच्यांनी बघायचे कष्ट घेतले नाहीत. आणि त्यापायी माझे वडील घाटात कठड्याला धरून उभे होते.

दांड्यावरच्या त्या रेघेचा फोटो घेऊन पहिल्या गॅरेजात गेले आणि पंप बसवल्याची मजुरी परत मागितली. फोटोकडे नीट न बघताच म्हणतो, "ताई, गाडी आता चालतेय ना? मग सोडा की." मी सोडणार नाहीये. बिल माझ्याकडे आहे, त्यावर तारीख आहे, पंप बसवल्याचं स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि ग्राहक आयोगात अर्ज करायला वकील लागत नाही.