बंद-चालू करणावळ

काल माझ्या हातात एक व्हाउचर पडलं. निळ्या शाईत, वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘मशीन बंद-चालू करणावळ, रु. ५००/-’. नागपूरचा मे महिना, कळमन्याची दालमिल, दोन अख्खे दिवस. आणि करणावळ बंद-चालूची.

मामला असा. मिलचा हिशेबाचा प्रोग्रॅम २०१२ पासून सेंटओएस ६ वर (लिनक्स या विंडोजसारख्या सिस्टिमचा एक जुना अवतार) चालतो. ज्यानं लिहिला तो पुण्याला गेला. (आमच्याकडे हे ‘वारला’च्याच सुरात सांगतात. वारलेला निदान पितृपक्षात तरी एकदा येतो.) सोर्स कोडही त्याच्याबरोबर गेला. परवा मशीनचा मदरबोर्ड जळाला, डिस्क तेवढी वाचली. सेंटओएस ६ चा कर्नल, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा सिस्टिमचा गाभा, २.६.३२ नंबरचा; नव्या मशीनचं नेटवर्क कार्ड त्याच्या ओळखीचं निघेना. तेव्हा मी शहाणपणा केला. मशीनवर नवं लिनक्स टाकलं, ६.१ कर्नलवालं, आणि जुनी डिस्क जशीच्या तशी एका फोल्डरात ठेवून सीएच-रूट केलं. सीएच-रूट म्हणजे प्रोग्रॅमला सांगायचं की बाबा, हा फोल्डर हीच तुझी पृथ्वी. युनिक्सची १९७९ पासूनची युक्ती. वर सगळं जुनं, खाली कर्नल नवा. जुना प्रोग्रॅम नव्या कर्नलवर मोडता कामा नये हा तर लिनक्सच्या जनकाचा, लिनस टोरवाल्ड्सचा दंडक. त्यावरून त्यानं लोकांना चारचौघांत झापलेलं आहे. त्याच्या भरवशावर मी सेठला सांगून बसलो, ‘पंधरा मिनिटांचं काम आहे.’

कमांड दिली. काही नाही. एक शब्द नाही, शिवी नाही. ‘काय झालं’ म्हणून विचारलं तर उत्तर आलं, १३९. म्हणजे १२८ अधिक ११, आणि ११ म्हणजे मेमरीतल्या नको त्या पत्त्यावर गेला म्हणून जागीच ठार. हिशेबाचा प्रोग्रॅम तर लांबच राहिला, कमांड ऐकणारं साधं शेलच जन्मताच मरत होतं.

“काय करून राहिला बे?”

हे मुनीमजी. मिलमध्ये चाळीस वर्षं. मुख्य जबाबदारी खाती. पण मे महिन्यात दर अर्ध्या तासानं कूलरमध्ये बादली ओतणं हीच. मी म्हटलं, जुनी सिस्टिम नव्या कर्नलवर बसवतोय.

“एक खेप बंद करून चालू कर ना.”

“तसं नसतं, मुनीमजी.”

“हे पाय बाबू.” बादली खाली ठेवली गेली. माझ्या पोटात गोळा आला. “मागच्या साली हाच कूलर. बॉडी जुन्या पत्र्याची. असा पत्रा आता भेटत नाही. मोटर जळली. सेठनं नवी आणली. बसली का? नाही बसली. काहून?”

“काहून?”

“जुन्या मोटरचे बोल्ट एका जागी, नवीचे दुसऱ्या. छिद्राले छिद्र भेटेच ना. मिस्त्री आला, त्यानं पाह्यलं. मग काय केलं सांग.”

“काय?”

“चहा पेला.”

“आणि?”

“आणि बिस्किट खाल्लं. मग एक लोखंडी पट्टी आणली. पट्टी जुन्या छिद्राले कसली, मोटर पट्टीले कसली. बॉडीले वाटते मोटर जुनीच हाये. मग एक खेप बंद करून चालू केला.” मुनीमजींनी बादली उचलली. “तू चहा पेला का?”

माझ्या दुखण्याचा इलाज मला तिथेच, बिस्किटासकट, सांगून झालेला होता. मी मात्र मान खाली घालून लायब्ररीच्या फायली इकडून तिकडे हलवत बसलो. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. कर्नलचा लॉग, म्हणजे त्याची रोजनिशी, उघडून पाहावी हे मला सुचलं नाही, कारण ती नवशिके पाहतात.

दुसऱ्या दिवशी उघडली. कर्नलनं स्वच्छ लिहून ठेवलेलं होतं: व्हीसिसकॉल बंद असताना कोणीतरी व्हीसिसकॉल करू पाहतोय.

पूर्वी प्रोग्रॅमला ‘किती वाजले’ विचारायचं तर दरवेळी कर्नलचं दार ठोठावायला नको, म्हणून प्रत्येकाच्या मेमरीत एक पान चिकटवलेलं असे. तेच व्हीसिसकॉल. पत्ता कायमचा ठरलेला, सगळ्या मशीनींवर तोच. पत्ता पाठ म्हटल्यावर चोरांचीही सोय झाली. म्हणून पुढे जागा बदलत राहणारी नवी सोय आली आणि काही लिनक्सांनी जुनं पान सरसकट काढूनच टाकलं. सेंटओएस ६ ची ग्लिबसी २.१२, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमांची सामायिक लायब्ररी, तिला हे कोण सांगणार? शेल उठतं, वेळ पाहायला जुन्या पत्त्यावर जातं आणि मरतं.

हे मुनीमजींना समजावताना मला भिंतीवरचा खिळा दिसला. घड्याळ तिथे असायचं. दिवाळीच्या रंगकामात ते सेठच्या केबिनमध्ये गेलं, पण मुनीमजी वेळ बघायला अजून खिळ्याकडेच बघतात. मी म्हटलं, “बघा, तुमच्यासारखंच आहे हे.”

“मग मी मरून पडतो का बे?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कर्नलवाल्यांकडेही नसावं.

इलाज एका शब्दाचा: व्हीसिसकॉल, बरोबरचं चिन्ह, एम्युलेट. म्हणजे पान नसलं तरी असल्यासारखं दाखवायचं. पट्टीच. पण हा शब्द कर्नलला जन्माच्या वेळीच कानात सांगावा लागतो. म्हणून ग्रबमध्ये, म्हणजे कर्नलला उठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, लिहायचा आणि मशीन बंद करून चालू करायचं. मुनीमजी तर्री-पोहे खायला जातील म्हणून मी वीस मिनिटं उगाच कीबोर्ड पुसत बसलो. गेले नाहीत. पोहे तिथेच मागवले.

मशीन उठलं. हिशेब उघडला.

“कालपासून सांगून राहिलो न मी.” आणि केबिनकडे तोंड करून मोठ्यानं, “सेठ, झालं! बंद-चालू कराले लावलं याले!”

मी सहा हजारांचं बिल दिलं होतं. सेठ म्हणाले, “एक शब्दच तर टाकला न?” कूलरच्या मिस्त्रीला बाराशे मिळाले होते, मी खातं पाहिलंय. त्याची पट्टी दिसते. मी सांगून पाहिलं की सेंटओएस ६ चे दुरुस्ती-अपडेट नोव्हेंबर २०२० मध्येच थांबलेत, त्यात कोणीतरी विचारपूर्वक बंद केलेली खिडकी मी तुमच्यासाठी किलकिली करून ठेवलीय. प्रोग्रॅम नवा लिहून घ्या. “चालून राहिलं न? मग झालं.” उद्या काही चोरीला गेलं तर बोलावणं मलाच येणार, आणि तेव्हाही करणावळ पाचशेच असणार. मी पुण्याला का गेलो नाही, हे घरी दर महिन्याला विचारतात. काल पहिल्यांदा मीही विचारलं.

सही केली. मुनीमजींना व्हाउचरवर वेळ टाकायची होती. त्यांनी खिळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“किती वाजले बे?”

मी सांगितलं नाही.