भरपाई कोणाला?

‘गुलामगिरी संपवणं हा ब्रिटिश साम्राज्याचा नैतिक आधार होता’ हे लेखातलं वाक्य खटकलं. गुलामगिरी रद्द करणाऱ्या १८३३च्या ब्रिटिश कायद्यात भरपाईचे २ कोटी पौंड ठरले, पण ते मिळाले गुलामांच्या मालकांना. गुलामांच्या हाती छदामही नाही. उलट ‘अप्रेंटिस’ म्हणवून त्यांना १८३८पर्यंत त्याच मळ्यांवर राबवलं. शिवाय ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातला हिंदुस्थान कायद्यातून वगळला होता. इथं तसा कायदा यायला १८४३ उजाडलं. गुलामांच्या जागी ऊस तोडायला माणसं हवीच होती, म्हणून १८३४पासून आपल्याकडचे गिरमिटिये, म्हणजे करारानं बांधलेले मजूर, मॉरिशसला जाऊ लागले. त्यांत मराठी माणसंही होती.

भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवट झाला थेट २०१५ साली. मी २००९ ते २०१३ लंडनला नोकरीला होतो. पगाराच्या स्लिपवर दरमहा कापलेला टॅक्स बघून चरफडायचो. त्यातले चार पेन्स तरी त्या मळेवाल्यांच्या भरपाईचं कर्ज फेडण्यात गेले म्हणायचे! २०१८ला तिथल्या अर्थखात्यानं ट्विट केलं, की तुमच्या करामुळे गुलामांचा व्यापार थांबला. लोक भडकले तेव्हा ते गुपचूप काढूनही टाकलं.