गाव कुठलं म्हणायचं?

एकट्यानं फिरायला जायचं मी ठरवलं ते कोल्हापूरमुळं. हे गाव माणसाला एकटं सोडत नाही हो. रंकाळ्यावर जरा पाय सोडून गप बसलं की पाच मिनिटांत कुणीतरी शेजारी येऊन टेकणार, "काय, बरं हाय न्हवं?" आणि आपण बरं हाय म्हणलं की "मग असा का बसलाईस?" म्हणजे बरं असलेल्या माणसानं एकटं बसायचंच नाही असा इथं नियम आहे. त्यात मोबाईलवर ती एकटी फिरणारी पोरं-पोरी बघून बघून डोकं फिरलेलं, पाठीवर बॅग, समोर निळं पाणी, कुणी विचारणारं नाही. म्हणलं आपल्यालाबी हे पाहिजे. फेब्रुवारी २०२५, दहा दिवस सुट्टी, थायलंडची बेटं, भारतीयांना तेव्हा व्हिसा लागत नव्हता, विमानाचं तिकीट बऱ्यापैकी स्वस्तात घावलं आणि मी काढून टाकलं.

त्रास तिथं जाऊन झाला असं वाटत असेल तर चूक, तो गल्लीतच सुरू झाला.

आईला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "कोण कोण हाय संगट?" म्हणलं कुणी नाही, सोलो. "म्हणजे? कुणाशी भांडलाईस काय?" मावशीचं म्हणणं एकट्यालाच जायचं असेल तर जोतिबाला जाऊन ये, दुपारपर्यंत परतबी येशील. पण हे घरातलं झालं, खरी गंमत बाहेर. थायलंड हा शब्द आमच्या तालमीच्या कट्ट्यावर नुसता उच्चारला तरी अख्ख्या कट्ट्याचा चेहरा एकदम गोड होतो. "एकटाच? भावा, नाद खुळा!" मी सांगतोय की अरे बेटावर चाललोय, बँकॉकला फक्त रेल्वे धरणार आहे. "व्हय व्हय, धर की रेल्वे." शेजारच्या कृषी सेवा केंद्रवाल्या काकांनी तर मला दुकानाच्या मागच्या बाजूला, खताच्या पोत्यांच्या आड नेलं, आवाज खाली आणला, "आम्ही गेलतो की, कंपनीनं नेलतं, चाळीस डीलर." म्हणलं काय बघितलं काका? काका तोंड उघडणार तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि काका म्हणाले, "देवळं. लय देवळं हायत तिकडं."

बॅगेत आईनं कांदा-लसणाची चटणी घातली, भडंगाचे चार पुडे घातले, आणि मी आपली शान म्हणून कापशीची कोल्हापुरी चप्पल घातली, करकर वाजणारी. बेटावर, समुद्रात, पावलोपावली पाणी असलेल्या ठिकाणी कातड्याची चप्पल. असं डोकं फक्त आमच्याकडंच चालतं.

बँकॉकहून रात्रीच्या रेल्वेनं सुरत थानीला उतरलो. हे नाव ऐकून कान टवकारले असतील तर बरोबर आहे, १९१५ साली तिथल्या सहाव्या राम राजानं आपल्या गुजरातच्या सुरतेवरनं हे नाव ठेवलं, आणि नदीचं नाव पण तापीच ठेवलंय. आता कोल्हापूरकराला सुरत म्हणलं की दोनच सनावळ्या आठवतात, १६६४ आणि १६७०. छाती उगाचच फुगली. महाराज दोनदा सुरतेवर गेले, मी पहिल्यांदाच गेलो आणि टुकटुकवाल्यानं स्टेशनपासून धक्क्यापर्यंत मलाच लुटून हिशेब चुकता केला.

तिथनं बेटांकडं रात्री अकराला बोट सुटते. खाली सगळा माल, भाजीची पोती, पाण्याचे बॉक्स, मोटरसायकली, आणि वर माणसं. वर म्हणजे काय, एक लांबडा हॉल, ताठ उभं राहिलं की टाळकं आपटतंय, दोन्ही अंगाला भिंतीपर्यंत गाद्याच गाद्या एकीला एक चिकटून, गादीची रुंदी म्हणाल तर कूस बदलायची झाली तर शेजाऱ्याची परवानगी लागेल एवढी. आमच्याकडं कार्यालयात वऱ्हाडाला झोपायला हॉल देतात ना, तस्सं, फक्त हॉल हलत होता. मी सवयीनं खिडकीजवळची गादी बघितली, तिच्यावर रुमाल टाकला आणि निवांत खाली चहा मिळतोय का बघायला गेलो. परत येतोय तर माझ्या रुमालावर एक साडेसहा फुटी गोरा झोपलेला. मी यष्टीत भांडायच्या तयारीनं पुढं सरकलो, तर त्यानं काही न बोलता वर भिंतीकडं बोट केलं. प्रत्येक गादीला नंबर होता. त्याचा ४७, माझा ४८. रुमाल त्यानं घडी करून परत दिला, तेव्हाच मला कळलं की हा माणूस सज्जन आहे.

आता ह्या पाठीवर बॅगवाल्या लोकांची ओळख करून घ्यायची एक पद्धत असते, ती मला बँकॉकच्या होस्टेलपासनं जाचत होती. कुठला देश, किती दिवस झाले, पुढं कुठं. तीन प्रश्न, संपलं. तुम्ही इंडिया म्हणलं की "ओ नाइस" आणि माणूस पुढच्या गादीकडं. नाव विचारत नाहीत! चार-चार दिवस एका ताटात खातील आणि जाताना म्हणतील, सॉरी, तुझं नाव काय होतं. आमच्याकडं पाहुणा दारात आला की अजून चप्पल काढायच्या आधी गाव कुठलं म्हणायचं, कुणातले, तिकडं आमचा अमका तमका राहतोय, वळखता का, शेती किती, पाणी हाय का, सगळा सातबारा बाहेर येतो, मग चहा. ते तीन प्रश्न म्हणजे मला नाक्यावर गाडी अडवून कागदपत्रं बघितल्यासारखं वाटायचं.

तर ४७ नंबरनं विचारलं, कुठला? म्हणलं इंडिया. मी विचारलं, तू? जर्मनी. इथं तो थांबला, त्याच्या हिशेबानं ओळख झाली होती. मी म्हणलं, जर्मनीत कुठलं? तो जरा दचकला. हिल्डेसहाइमजवळचं म्हणाला. मी म्हणलं जवळचं म्हणजे गावातलं का बाहेरचं? तो उठून बसला. खेडं आहे म्हणाला, लहान. मी माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत सरळ विचारलं, बाप काय करतो? आणि तो म्हणाला, शेती. शुगर बीट.

इथनं पुढं झोप कसली.

म्हणलं अरे मर्दा, मी कोल्हापूरचा, आमच्याकडं ऊस! तो, ऊस? मी, ऊस! शेजारच्या ४९ नंबरच्या बाईनं श्श्श केलं. मी भडंगाचा पुडा फोडला, त्याचा जो आवाज झाला तो इंजिनच्या आवाजातूनबी अख्ख्या हॉलला ऐकू गेला, आणि रात्री साडेअकराला सुरत थानीच्या तापी नदीत दोन साखरवाल्यांची पोरं भडंग खात हंगामावर बोलत बसली. त्यांचा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो, जानेवारीत संपतो, म्हणून हा मोकळा होऊन फिरायला आलेला. म्हणलं आमचा तर अजून चालू आहे. तोडणीला माणसं? नाही म्हणाला, मशीन. म्हणलं मजा आहे तुमची, आमच्याकडं तोडीची चिठ्ठी मिळायला साहेबाच्या दारात जावं लागतंय. कारखाना कुणाचा? शेतकऱ्यांचाच म्हणाला, शेअर आहेत. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. मग मी आमची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा कमीत कमी दर, सांगितली, त्या वर्षीची टनाला ३,४०० रुपये, सव्वादहा टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे शंभर किलो उसातनं हातात पडणारी साखर), आणि जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दर ठरल्याशिवाय कोयता लागू देत नाहीत हे पण सांगितलं, त्याला ते लय आवडलं. मग मी जरा कॉलर ताठ करून म्हणलं, आमच्या कोल्हापूरचा उतारा राज्यात भारी, काही कारखान्यांचा तर बारा टक्क्यांच्या वर. त्यानं भडंग चावत चावत सांगितलं, बीटात साखर सतरा-अठरा टक्के असते. मी गप झालो. (ते साखरेचं प्रमाण, हातात पडणारा उतारा त्याहून कमी, हे मला मागनं कळलं. पण व्हायचा तो अपमान बोटीतच होऊन गेला.) त्याच झटक्यात त्यानं १७४७ साली बीटातली साखर त्यांच्याच बर्लिनमधल्या एका माणसानं शोधून काढली हे पण सुनावलं. ४९ नंबरची बाई उशी डोक्यावर घेऊन झोपली होती.

नाव विचारायचं दोघांचंबी राहून गेलं. मी मनात त्याला बीटवाला म्हणत होतो, तो मला शुगर म्हणत असेल, असो.

सकाळी को तावला उतरलो. ताव म्हणजे त्यांच्या भाषेत कासव. बेट आहे २१ चौरस किलोमीटर. आमचं कोल्हापूर १९७२ पासनं हद्दवाढ होत नाही होत नाही म्हणून इतकं रडतंय तरी ६६.८२ आहे, म्हणजे तीन बेटं बसतील. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी इथं राजकीय कैदी आणून ठेवायचे, आता जगभरातली माणसं स्वतःच्या पैशानं येऊन पाण्याखाली जायला शिकतात. बीटवाला त्यातलाच, तो त्याच्या डायव्हिंगच्या शाळेत गेला, मी माझ्या होस्टेलला. म्हणलं चला, आता खरं सोलो.

किनाऱ्यावर नारळाच्या झाडाखाली बसलो. पाणी निळं. फोन बंद. कुणी विचारणारं नाही. पहिली दहा मिनिटं तर काय सांगू, स्वर्ग. पंधराव्या मिनिटाला मी चपलेतली वाळू काढली. विसाव्या मिनिटाला परत काढली. मग एक खेकडा बीळ करत होता ते बघितलं, तो पण मला बघून आत गेला. पस्तीस मिनिटं झाल्यावर माझी नजर आपोआप इकडंतिकडं भिरभिरायला लागली, कुणीतरी येऊन "असा का बसलाईस" म्हणावं अशी आतनं कळच यायला लागली. शेवटी उठलो, शहाळंवाल्या बाईकडं गेलो, तिला इंग्रजी येईना, मला थाई येईना, तरी पंधरा मिनिटांत तिला तीन पोरं आहेत, थोरला फुकेतला असतो आणि धाकट्याचं लग्न जमत नाही एवढं कळलं. हातवाऱ्यांवर. संध्याकाळी सगळी होस्टेलं पालथी घालून बीटवाल्याला हुडकून काढला. दारात त्याची सँडल ओळखू आली, होडीएवढी.

त्यानंतर सोलोचा विषय बंद. त्याच्या खोलीतला एक कोरियन पोरगा, एक इस्रायलची पोरगी अन् इंग्लंडच्या दोघी असा घोळका जमला, मी प्रत्येकाला गाव विचारलं आणि मग त्यांना पण सवय लागली, नवा माणूस खोलीत आला की इंग्लंडवाली विचारायची, हो पण कुठल्या गावचा, बाप काय करतो? आईची चटणी कोरियन पोरानं आमलेटवर घालून तीन दिवसांत संपवली. मला मात्र तिथल्या जेवणात अडचण झाली ती गोडाची, कच्च्या पपईची कोशिंबीर करतात खलबत्त्यात, तिच्यात ताडाचा गूळ. मार्केट यार्डात गुळाचे सौदे बघत वाढलेला माणूस मी, पण कोशिंबिरीत मिरची, मासळीचं पाणी आणि गूळ एकदम? तिखटाचं विचारू नका. विचारूच नका म्हणतोय ना. बाईनं "फेत?" म्हणजे तिखट करू का विचारलं, मी कोल्हापूरचा असल्यासारखी मान हलवली, आणि पुढच्या अर्ध्या तासात दोन बाटल्या पाणी आणि एक शहाळं संपलं. घरी फोनवर सांगितलं, जेवण जरा मिळमिळीत हाय.

चप्पल तिसऱ्या दिवशी भिजली. लांबट होडीतनं उतरताना गुडघाभर पाणी असतं, हातात घ्यायची विसरलो. कातडं फुगलं, वास असा सुटला की आठ जणांच्या खोलीतनं तिची हकालपट्टी झाली आणि ती व्हरांड्यात वाळत पडली. पण बीटवाला रोज जाता-येता तिला उचलून बघायचा, वेणी कशी घातली, शिवण कुठं आहे. शेवटच्या दिवशी म्हणाला, मला पाहिजे. म्हणलं कागद आण. बेटाच्या नकाशावर त्याचा पाय ठेवला आणि पेन फिरवून आखून घेतला, सगळ्या खाड्या आणि दोन डोंगर पायाखाली गेले. तेव्हा कुठं नकाशाच्या कोपऱ्यात त्याचं नाव लिहून घेतलं. इथं सांगत नाही, आमच्या गल्लीत त्याचा उच्चार भलताच होतो.

आलो, कामाला लागलो, नकाशा बॅगेतच राहिला. कट्ट्यानं विचारलं, काय बघितलं? म्हणलं देवळं. मग जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये एका बड्या इटालियन कंपनीनं आमच्या चपलेसारखीच चप्पल पोरांच्या पायात घालून चालवली, आधी कोल्हापूरचं नावसुद्धा घेतलं नाही म्हणून इकडं बोंबाबोंब, २०१९ पासनं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे आमच्या चपलेला, आणि त्या गडबडीत बीटवाल्याचा मेसेज: शुगर, तुझी वासाची चप्पल बातम्यांत आहे. माझी कुठं आहे?

दुसऱ्या दिवशी भर पावसात चप्पल लाईनला गेलो. गिऱ्हाईक नव्हतंच. मालकानं नकाशा उलगडला, आडवा धरला, उभा धरला.

"हा पाय हाय का नांगर?"

"मित्राचा हाय."

"सत्तेचाळीस नंबर. बनवूनच घ्यायला लागंल." त्यानं टेप लावली. "गाव कुठलं म्हणायचं पाव्हण्याचं?"

"जर्मनी."

"ते झालं. जर्मनीत कुठलं?"

"हिल्डेसहाइमजवळ. खेडं हाय. शेती हाय त्यांची, बीट."

"खायचं बीट?"

"साखरंचं. कारखान्याला घालतात."

टेप थांबली. "आणि साखर किती म्हणायची त्यात?"

"सतरा-अठरा टक्के."

मालकानं चष्मा वर सरकवला, पोराला आतनं दोन चहा आणायला सांगितलं आणि बाकडं माझ्याकडं ढकललं. "बसा. दर किती मिळतोय त्यास्नी?"

ते मला माहीत नव्हतं. फोन काढला, जर्मनीत सकाळचे साडेआठ वाजले असतील, उठला असेल. म्हणलं थांबा, त्यालाच विचारू.